सायकल देऊन घेतलेला लॅपटॉप

नागपूरच्या पॉलिटेक्निकात शेवटच्या वर्षाला असताना मी माझी चांगली चालणारी सायकल एका सिनिअरला दिली आणि तिच्या बदल्यात त्याचा जेमतेम चालणारा लॅपटॉप घेतला. हे वाक्य मी स्वतःच एका दमात लिहून मोकळा होतो, कारण आमच्या घरी ते पुढे कित्येक वर्षं तुकड्यातुकड्यानं, वेगवेगळ्या चालींवर आणि शक्यतो मी जेवायला बसलेलो असताना म्हटलं गेलं. लॅपटॉप पाट्याएवढा जड होता. त्याची एक बिजागरी सुटलेली, त्यामुळे पडद्याला मागून पाण्याच्या तांब्याचा टेकू द्यावा लागे. बॅटरी चहा गार व्हायच्या आत मान टाकायची. सिनिअर म्हणाला होता, "यातली सिस्टिम काढून लायनक्स टाक. फुकट असते, हलकी असते, अन् व्हायरस लागत नाही." मला यातलं 'फुकट' तेवढं नीट ऐकू आलं. सायकलची किल्ली हातात पडल्यावर त्यानं मला कडकडून मिठी मारली. देवघेवीत समोरचा माणूस मिठी का मारतो, याचा मी त्या वेळी थोडा विचार करायला हवा होता.

आमचं घर पवनीतलं, विणकराचं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून बाबूजी मागावर बसलेले. त्यांच्या धोतरजोड्यांचे रेशमी काठ आमच्या गावात तरी नावाजलेले होते. मागाचा खट्याक-खट्याक आवाज आम्हाला ऐकू यायचा नाही, तो थांबला की ऐकू यायचा. थांबला म्हणजे एक तर धागा तुटला, नाही तर पाहुणा आला, नाही तर बाबूजींना मला काही सांगायचं आहे. माय मागच्या पडवीत रहाटावर कांड्या भरत बसायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या बारीक नळ्यांवर सूत गुंडाळायची, आणि एका डोळ्यानं चुलीवरच्या लाखोळीच्या डाळीकडे बघायची. दिवस चांगला असला तर वांग्यात सुके झिंगे पडायचे आणि त्या वासानं गल्लीतली मांजरं आमच्या उंबऱ्यावर सभा भरवायची. सुताचं तूस घरभर उडत असे. ते भातावर असायचं, आरशावर असायचं, देवांच्या टोपांवर असायचं. सुताला लावायच्या तांदळाच्या खळीचा वास आजही कुठून आला तर मी आधी हात धुवायला जातो, इतका मायचा 'आधी हात धू' अंगात मुरला आहे.

या घरात मी तो लॅपटॉप आणला आणि मागाशेजारच्या फळीवर ठेवला. माग थांबला. बाबूजी खड्ड्यातून वर आले. त्यांनी लॅपटॉप उचलला, उलटा केला आणि अंगठा त्याच्या कडेवरून सावकाश फिरवला. कुठलंही कापड हातात आलं की त्यांचा अंगठा आधी काठावर जायचा. लग्नात आहेर म्हणून आलेला टॉवेलसुद्धा ते असाच तपासायचे, देणाऱ्यासमोर.

"काय काय करते हे?"

"सगळं करते, बाबूजी."

"आता काय करून राहिलं?"

"आता... सुरू होऊन राहिलं."

बाबूजी पुन्हा मागावर बसले. वीतभर कापड विणून झाल्यावर त्यांनी मान वळवून बघितलं. लॅपटॉप अजून सुरूच होत होता.

"सायकल चालत होती," ते म्हणाले आणि धोटा फेकला.

माझी थोरली बहीण वंदनाताई तेव्हा बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी होती. गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि बी.एड.ला जायचं म्हणून हटून बसली होती. तुमसरचं एक स्थळ तिच्यासाठी आलेलं होतं. मुलगा राइस मिलवाल्यांचा, स्वभावानं गरीब, पण चहा पिताना बशीतून असा आवाज काढायचा की ताईनं पहिल्याच भेटीत खिडकीबाहेर पाऊस आला का ते बघितलं होतं. बाबूजींनी अखेर मधला मार्ग काढला. "या साली नंबर लागला तर शीक. नाही लागला तर मी त्या लोकायले हो म्हणतो. ते बी किती दिवस थांबतीन?" ताई कबूल झाली. मार्क चांगले होते, नंबर लागण्यासारखा होता. फक्त कॉलेजांची पसंती त्या वर्षी इंटरनेटवरून भरायची होती, शेवटच्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत. आणि घरातला इंजिनिअर कोण, तर मी.

"भरून देशीन ना नक्की?" ताईनं विचारलं.

"पाच मिनिटांचं काम आहे ताई. कॅफेत कायले जातेस? घरूनच भरू."

घरून म्हणजे फोनच्या तारेवरून. लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीचं मोडेमचं कार्ड होतं, टेलिफोनची वायर खोचली की ते फोन लावून इंटरनेटला जोडून देणार, असं लिहिलेलं मी वाचलं होतं. पण आमचं कार्ड अर्ध्या अकलेचं निघालं. त्याचं अर्धं काम कंपनीच्या सॉफ्टवेअरनं करायचं होतं, आणि ते सॉफ्टवेअर लायनक्ससाठी कंपनीनं बनवलेलंच नव्हतं. कुणा भल्या माणसानं परदेशात बसून त्याला पर्याय लिहून ठेवला होता. तो मी नागपूरहून उतरवून आणला आणि पंधरा दिवस खपून बसवला. या पंधरा दिवसांत एक बारीकसा अपघात झाला. लॅपटॉपच्या कडेला एकासारखी एक अशी दोन भोकं होती, एक लहान, एक जरा मोठं. लहान फोनच्या वायरचं, मोठं नेटवर्कच्या केबलचं. मी फोनची वायर मोठ्या भोकात कोंबली. ती सैल वाटली म्हणून आगपेटीची काडी लावून घट्ट केली. मग जोर लावून ओढून काढली. आतल्या सोनेरी तारांनी माना टाकल्या आणि ते भोक कायमचं निकामी झालं. त्यावर मी चिकटपट्टी लावली आणि घरच्यांना सांगितलं की ते तसंही लागत नाही.

मोडेमनं मात्र एकदा फोन लावला. असा किंचाळला की माय ओल्या हातानं धावत आली, रिसीव्हर कानाला लावून क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "कोण्या बाईले लय त्रास होऊन राहिला, पव्या." रिसीव्हर उचलल्यानं लाइन तुटली. पुढच्याच आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात तारा तुटल्या आणि निम्म्या पवनीचे फोन मेले. गावातलं एकुलतं इंटरनेट कॅफेही त्यात गेलं. आमच्या घरी मात्र कित्येक दिवस असंच मानत होते की हे सगळं माझ्या मोडेममुळे झालं.

उरलं वायरलेस. माझे मामा भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला कारखान्यात नोकरीला, क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांच्या बंटीसाठी त्यांनी घरी वायरलेसचा डब्बा बसवून घेतला होता. बंटी कॉम्प्युटर घेऊन पुण्याला शिकायला गेला, डब्बा राहिला. मामी रोज तो फडक्यानं पुसायची आणि त्यावर तिनं गणपतीही ठेवला होता. लॅपटॉपातलं वायरलेस कार्ड लायनक्सला दिसत होतं, पण जागं होत नव्हतं. त्याला जागं करणारी एक छोटी फाईल लागते, ती इंटरनेटवर मिळते, आणि इंटरनेट त्या कार्डाशिवाय नाही. या चक्रात मी महिनाभर फिरलो. शेवटी नागपूरच्या होस्टेलवर एका मित्राच्या कॉम्प्युटरवरून ती फाईल, तिची सगळी पिलावळ आणि वापरायची रीत पेनड्राइव्हवर घेतली, जवाहरनगरला मामांकडे गेलो आणि एका दुपारी अचानक पडद्यावर बंटीच्या डब्ब्याचं नाव उमटलं. मी ओरडलो. मामीनं प्रसादाचा शिरा केला. कार्डाच्या दिव्याची जागा समोरच्या कडेला होती, तो काही लागला नाही, पण लायनक्समध्ये तो दिवा लागतच नाही असं मी वाचलं होतं, म्हणून त्या कडेकडे बघणंच सोडून दिलं. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

घरी आल्यावर मी विजयी वीरासारखा हिंडत होतो. मायनं दोन दिवस माझं कौतुक ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी लॅपटॉपला खोळ शिवली. "एवढं गुणाचं आहे तर तुसात काहून ठेवतं?" बाबूजींच्या धोतराचा एक तुकडा, ज्याचा काठ एका जागी चुकला होता म्हणून विकला गेला नव्हता, तो तिनं दुहेरी करून बेतला. माप घ्यायला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली, तान्ह्या पोराला झबलं शिवावं तशी. खोळ अशी घट्ट बसायची की घालताना उजवीकडून डावीकडे ओढून, कडेला दाबून घालावी लागे. बाजूला पेनड्राइव्हसाठी एक चिमुकला खिसा. रेशमी काठ बरोबर समोर. इतका देखणा लॅपटॉप मी पुन्हा पाहिला नाही. आत काय होतं तो भाग सोडा.

शेवटचा शनिवार आला. बाबूजी, ताई आणि मी सकाळच्या एस.टी.नं भंडाऱ्याला उतरलो. मायनं तिळाची चटणी लावलेल्या भाकरी बांधून दिल्या होत्या. स्टँडजवळच्या कॅफेसमोर पोरापोरींची रांग पानठेल्यापर्यंत गेलेली.

"इथंच उभं राहू ना," ताई म्हणाली. "अकरा वाजले आहेत. नंबर लागून जाईन."

"माह्यावर भरोसा नाही का तुह्या?"

"तुह्यावर आहे. त्या डब्ब्यावर नाही."

"मामाकडे आपण जेवून, हात धुवून, आरामात भरू. तीन आठवड्याआधी तर चालवून पाहिलं मी."

बाबूजी माझ्याकडे बघत राहिले. मग काळीपिवळी जीपकडे चालायला लागले. आम्ही जवाहरनगरला पोचलो तेव्हा मामा गेटवर उभेच होते आणि घरी मामीनं पाटवडीचा रस्सा केला होता. मी जेवायच्या आधीच लॅपटॉप काढला, खोळ घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकली, तांब्याचा टेकू दिला. सुरू झाला. बंटीच्या डब्ब्याचं नाव आलं नाही.

मी म्हणालो, "येईन." पाच मिनिटांनी म्हणालो, "येऊन राहिलं." मग मी बंद करून पुन्हा सुरू केला. मग डब्ब्यावरचा गणपती बाजूला ठेवला. मग डब्बा बंद करून सुरू केला. एक वाजला.

"डब्ब्याचे तर सारे दिवे लागून आहेत," मामा म्हणाले. "तुह्याच एक बी दिवा नाही."

"लायनक्समध्ये तो दिवा लागतच नसते, मामाजी," मी म्हणालो. ज्या आवाजात म्हणालो, तो आवाज मला आजही मधूनमधून ऐकू येतो.

"केबल लावून पाह्य ना मंग. बंटीची पडून आहे."

मी चिकटपट्टी लावलेल्या भोकाकडे बघितलं आणि पाटवडीचा मोठा घास घेतला.

दोन वाजता मी ठरवलं की कार्डाचं सॉफ्टवेअर बिघडलं आहे. अडीचला मी ते काढून टाकलं. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या ओळी धो धो वाहत होत्या आणि मी त्या वाचतो आहे असा चेहरा करून बसलो होतो. मामीला वाटलं फॉर्म भरणं सुरू आहे, तिनं ताईला साखर दिली. ताईनं साखर हातातच धरली. मामांनी भंडाऱ्याला कुणाला तरी फोन केला. कॅफेची रांग आता रस्त्यावर आली होती, आणि आतली लाइनही धडाची नव्हती. साडेतीन.

एरवी ताई माझ्या एका चुकीवर चार दिवस बोलायची. आता ती कॉलेजांच्या नावांचा कागद गुडघ्यावर ठेवून मोकळ्या हातानं त्याच्या घड्या सारख्या करत बसली होती. तुमसरचा मुलगा बशी तोंडाला लावून माझ्या डोळ्यांसमोर बसला होता.

"ताई, तो मुलगा तसा वाईट नाही," मी हळूच म्हणालो. मी हे का म्हणालो, मला माहीत नाही.

"तूच कर त्याच्याशी लग्न," ताई म्हणाली.

मी उठून मोरीत तोंड धुवायला गेलो. परत आलो तर बाबूजी लॅपटॉपसमोर बसलेले. त्यांनी तो मांडीवर घेतला होता आणि त्यांचा अंगठा समोरच्या कडेवरून फिरत होता. इतका वेळ रिकामे बसायची त्यांना सवय नव्हती.

"बाबूजी, हात नका लावू. आधीच मी..."

"हा खटका डाव्या अंगाले काहून आहे?"

"कोणता खटका?"

"हा. पहिल्या दिवशी मागाजवळ पाहिला तवा उजव्या अंगाले होता."

मी वाकून बघितलं. दिव्याच्या जागेशेजारी, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, कडेच्याच काळ्या रंगाचा एक सरकता खटका होता. त्याच्याखाली अगदी बारीक खोदलेलं वायरलेसचं चिन्ह. सहा महिने मी ते यंत्र वापरत होतो. त्याची प्रत्येक फाईल मला ठाऊक होती. त्याला खटका आहे हे मला ठाऊक नव्हतं. पुढे एकदा निवांत बसून मी त्या धो धो वाहणाऱ्या ओळी वाचल्या. वरून चौदाव्या ओळीत लिहिलं होतं की रेडिओ खटक्यानं बंद केलेला आहे. यंत्र दुपारभर मला तेच सांगत होतं.

बाबूजींनी खटका उजवीकडे केला. बंटीचं नाव तरीही आलं नाही, कारण चालणारं सॉफ्टवेअर मी अडीच वाजता माझ्याच हातानं काढून टाकलेलं होतं.

"पेनड्राइव्ह," मी म्हणालो. खिशात नव्हता. पिशवीत नव्हता. ताईनं खुर्चीवरची खोळ उचलली आणि तिच्या चिमुकल्या खिशातून पेनड्राइव्ह काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी मायला मनातल्या मनात दंडवत घातला. सॉफ्टवेअर परत बसवायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बाबूजी तांब्या धरून उभे होते, कारण मला आता तांब्यावरही भरोसा उरला नव्हता. चार वाजून दहा मिनिटांनी नाव उमटलं. ताईनं मला बाजूला ढकललं आणि स्वतः भरायला बसली. एक एक अक्षर बोटानं शोधत, कागदाशी ताडून बघत. पावणेपाचला पडद्यावर फॉर्म मिळाल्याचं आलं. मग तिनं इतका वेळ मुठीत धरलेली साखर तोंडात टाकली. ती पार चिकट झाली होती.

निघताना मी लॅपटॉपला खोळ घातली, उजवीकडून डावीकडे ओढून, कडेला दाबून.

"थांब," ताई म्हणाली. तिनं खोळ अर्धी उलटवली. खटका डाव्या अंगाला गेलेला होता. मायनं दुहेरी शिवलेली, बाबूजींच्या रेशमाची ती कड त्याला दर वेळी बरोब्बर सरकवत होती. ताईनं पुन्हा काढून पुन्हा घालून बघितली. पुन्हा तेच. आम्ही तिघं त्या खोळीकडे बघत उभे राहिलो.

"तुह्या मायले सांगू नोको," बाबूजी म्हणाले. "दोन दिवस बसली होती ते शिवत."

परतीच्या गाडीत त्यांनी मला एकदाही सायकलची आठवण करून दिली नाही, यावरून त्या दिवशी त्यांना किती बरं वाटलं होतं ते समजावं. घरी मायनं विचारलं, "झालं काय?" आम्ही तिघं एका सुरात हो म्हणालो. तिनं खोळीवरून हात फिरवला. "मंग. खोळ होती म्हून वाचला डब्बा, नाही तर तुसानं गेला असता." आम्ही तिघांनी मान डोलावली.

ताईचा नंबर लागला. आता ती मुख्याध्यापिका आहे आणि तिच्या शाळेत कॉम्प्युटर बिघडला की शिक्षकांना आधी खटका बघायला सांगते. तुमसरच्या मुलाचं चांगलं झालं, दोन मुली आहेत, चहा सोडला म्हणे.

त्या शनिवारनंतर पंधराएक दिवसांनी मी नागपूरला जायला निघालो. मायनं खोळ धुऊन, इस्त्री करून पुढे केली. समोरच्या काठात, बरोबर खटक्याच्या जागी, अंगठ्याच्या नखाएवढी एक आडवी चीर होती आणि तिच्या कडा काज करतात तशा रेशमानं बारीक गाठून घेतलेल्या होत्या.

"माय, हे काय?"

"उंदरानं कुरतडलं," ती रहाटावरून नजर न उचलता म्हणाली. "मंग मी काठ शिवून टाकला."

मी पुढच्या खोलीकडे बघितलं. माग थांबलेला होता. बाबूजी तुटलेला धागा शोधावा तसे खाली वाकून बसले होते, आणि कुठलाच धागा तुटलेला नव्हता.

"सरळ कुरतडलं चांगलं," मी म्हणालो.

"आपल्याकडचे उंदीर तसेच आहेत," माय म्हणाली, आणि माग पुन्हा सुरू झाला.